पोकलेनच्या पायाखालची माती

नागपूरहून भोपाळला जाणारी गाडी इटारसी सोडून पुढे निघाली, की खिडकीबाहेर नर्मदेच्या खोऱ्यातली काळी जमीन लागते. सपाट, खोल, पावसात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. विदर्भातल्या माणसाला ती अगदी घरची वाटावी. नर्मदेचा पूल ओलांडून बुधनी मागे पडलं, की दृश्य पालटतं. गाडी घाट चढू लागते, दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि तांबूस-पिवळ्या दगडाचे कडे येतात. हा विंध्याचा वालुकाश्म. बुधनी ते बरखेडा या टप्प्यात रेल्वेच्या तिसऱ्या मार्गासाठी याच डोंगरातून बोगदे खणले गेले. भोपाळ शहर या दोन जमिनींच्या सीमेवर वसलं आहे. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स या टेकड्या वालुकाश्माच्या, तर पश्चिमेला सीहोरकडे पसरलेली शेतं काळ्या मातीची.

प्रवाशाच्या दृष्टीने हा देखावा आहे. याच जमिनीवर पोकलेन चालवणाऱ्याला मात्र तो पैशात मोजावा लागतो. यंत्राचं इंजिन, हायड्रॉलिक पंप, बूम, बकेट यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. यंत्र ज्यावर उभं आहे ते चिखलात रुतलेलं असतं आणि तिकडे वाकून कुणी पाहत नाही. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राच्या किमतीत सुमारे पाचवा हिस्सा या खालच्या भागाचा असतो आणि आयुष्यभराच्या दुरुस्तीखर्चात त्याचा वाटा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. त्या खर्चाच्या मध्यभागी आहे रोलर नावाची, दोन्ही हातांनी उचलतानाही दमछाक करणारी लोखंडी वस्तू.

आधी नावाबद्दल. ‘पोकलेन’ हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. या कंपनीच्या तंत्रज्ञानावर लार्सन अँड टुब्रोने भारतात खोदकामाची हायड्रॉलिक यंत्रं बनवली आणि ती इतकी पसरली, की पुढे जपानी, कोरियन, भारतीय, चिनी, कुठल्याही कंपनीचं यंत्र आलं तरी आपल्याकडे ते पोकलेनच झालं. डालडा आणि झेरॉक्सच्या पंगतीतलं हे नाव.

चाकाची गाडी रस्त्यावरून जाते. पोकलेन आपला रस्ता बरोबर घेऊन फिरतं. पुढे अंथरायचा, त्यावरून जायचं, मागून उचलायचा आणि वरून फिरवून पुन्हा पुढे आणायचा. हा रस्ता म्हणजे चेन. जमिनीला लागतात ते पोलादी पॅड. पॅडच्या आतल्या बाजूला बोल्टने आवळलेल्या कड्यांची जोडसाखळी असते आणि तिच्या कडा रेल्वेच्या रुळासारख्या सपाट असतात. या रुळांवरून यंत्राचं सगळं वजन वाहणारी चाकं म्हणजे बॉटम रोलर. वीस टनांच्या गटातल्या पोकलेनला प्रत्येक बाजूला असे साधारण सात ते नऊ रोलर असतात. वरून परतणारी चेन लोंबकळू नये म्हणून तिला झेलणारे दोन छोटे टॉप रोलर. पुढच्या टोकाला मोठं गुळगुळीत चाक, तो आयडलर. मागच्या टोकाला दातेरी चाक, तो स्प्रॉकेट, आणि चेनला ओढणारा तोच.

ही सगळी खटपट कशासाठी, ते थोड्या हिशेबाने कळतं. वीस टनांचं यंत्र, जमिनीला टेकलेली चेनची लांबी सुमारे सव्वातीन मीटर, पॅडची रुंदी साठ सेंटिमीटर आणि अशा दोन पट्ट्या. म्हणजे जवळपास चार चौरस मीटर जागेवर वजन पसरलं. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास दाब आला. चालताना माणूस एका पायावर येतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली येणारा दाब याहून फार कमी नसतो. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली हाच आकडा सात-आठ किलोवर जातो. म्हणून ट्रक ज्या शेतात रुततो, तिथून पोकलेन निवांत निघून जातं.

जमिनीवर वजन पसरतं, पण रोलरवर ते एकवटतं. यंत्र स्वस्थ उभं असतानाही एका रोलरच्या वाट्याला टन-सव्वा टन येतं. बकेट पुढे टाकून खडकात दात रोवले आणि ओढ घेतली, की यंत्र पुढे झुकतं आणि पुढच्या एक-दोन रोलरवर त्याच्या कितीतरी पट भार क्षणात येऊन पडतो. या रोलरखाली स्प्रिंगही नसते.   रणगाडा आणि पोकलेन दोन्ही साखळीवर चालतात, पण त्यांच्या पायांची रचना वेगळी. टी-७२ रणगाड्याला प्रत्येक बाजूला सहा मोठी, रबर चढवलेली चाकं असतात आणि प्रत्येक चाक पिळणाऱ्या पोलादी दांड्याच्या आधाराने वरखाली होतं, कारण त्याला वेगाने धावायचं असतं. पोकलेनला एका जागी घट्ट उभं राहून जमिनीशी झोंबायचं असतं. त्याचे रोलर चौकटीला थेट बोल्टने आवळलेले, आणि प्रत्येक हिसका ते अंगावर घेतात.

रोलर बाहेरून नुसता कडेला ओठ असलेला जाड ठोकळा दिसतो. चेनचा रूळ बाजूला सरकू नये म्हणून तो ओठ. आतून मात्र ही फार नाजूक वस्तू आहे. मधोमध स्थिर दांडा, त्याभोवती ब्राँझचा थर असलेली बुश आणि त्यावर फिरणारं पोलादी कवच. कवचाचा फक्त बाहेरचा थर विजेच्या प्रवाहाने तापवून, झटक्यात थंड करून कठीण केलेला असतो. काही मिलिमीटर जाडीचा हा थर झिजेला तोंड देतो, आणि आतलं पोलाद मुद्दाम थोडं मवाळ ठेवतात, म्हणजे खडकाच्या दणक्याने रोलर तडकत नाही. हा कठीण थर संपला की पुढची झीज झपाट्याने होते. पहिल्या काही मिलिमीटरला हजारो तास लागले, म्हणून पुढच्या तेवढ्यालाच तितके तास मिळतील असा हिशेब मांडणारे इथे फसतात.

कवच आणि दांडा यांच्यामध्ये थोडंसं तेल असतं, पेलाभर म्हणा. कारखान्यात भरलेलं हे तेल रोलरच्या आयुष्यभर पुरायचं असतं. यंत्र गुडघाभर चिखलात उभं असताना ते बाहेर जाऊ नये आणि चिखल आत येऊ नये, ही जबाबदारी दोन टोकांच्या सीलवर. या सीलची कल्पना खरोखर सुंदर आहे. दोन धातूच्या कड्या, आरशासारख्या घासून सपाट केलेल्या, तोंडाला तोंड लावून बसवलेल्या. एक स्थिर, दुसरी कवचाबरोबर फिरणारी. प्रत्येकीच्या मागे रबराची जाड रिंग दबून बसलेली, आणि तीच स्प्रिंगसारखी दोन्ही कड्यांना एकमेकींवर रेटत राहते. मधे तेलाचा जेमतेम पापुद्रा. कड्या झिजतात, पण झिजताना त्यांची टेकणारी जागा हळूहळू आतल्या बाजूला सरकते, त्यामुळे सपाट तोंड पुन्हा पुन्हा ताजं होत जातं.

हे सील गेलं की रोलरची अखेर सुरू होते आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कडेला तेलाचा ओला काळा डाग दिसतो, त्यावर धूळ बसते. तेल संपलं की बुश तापते आणि दांड्याला धरते. रोलर फिरायचा थांबतो, पण चेन थांबत नाही. ती त्याच्यावरून घसटत जाते. गोल रोलर एका बाजूने चपटा होतो आणि आता तो चेनचा रूळही खातो. एका रोलरपायी अख्खी चेन बदलायची वेळ येते ती अशी.

साखळीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा जन्मच मऊ जमिनीच्या अडचणीतून झाला. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ नदीच्या त्रिभुज प्रदेशातली जमीन इतकी भुसभुशीत होती, की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात खचायचे. चाकं रुंद करत करत ती हास्यास्पद मापापर्यंत गेली. शेवटी बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये चाकं काढून लाकडी फळ्यांची साखळी लावून पाहिली आणि ती चालली. सुरवंटासारख्या त्या चालीवरून ‘कॅटरपिलर’ हे नाव पडलं आणि १९२५ मध्ये होल्ट व बेस्ट या दोन कंपन्या एक होऊन त्याच नावाची कंपनी उभी राहिली.

भोपाळशी या यंत्राची गाठ पडली ती एका गवतामुळे. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आलं. त्या वेळी मध्य भारतातली मोठी सुपीक काळी जमीन कांस गवताने गिळली होती. कांस वरून कापलं तर पुन्हा येतं, कारण त्याची खोडं जमिनीखाली खोलवर पसरलेली असतात. बैलांच्या नांगराचा फाळ तिथपर्यंत पोचत नाही. हरळीने आणि कुंद्याने बेजार झालेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अन्नधान्याची चणचण होती, लाखो एकर जमीन पडून होती. केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नावाची यंत्रणा उभी केली होती आणि १९४९ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक बँकेने शेतीच्या अवजड यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जागतिक बँकेकडून भारताला मिळालेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं. या पैशातून साखळीचे ट्रॅक्टर आले आणि भोपाळसह मध्य भारतातल्या कांसाच्या रानात उतरले. कोरड्या दिवसांत खोल नांगरट करायची, जमिनीखालची खोडं वर काढायची आणि वैशाखाच्या उन्हात ती जळू द्यायची, अशी ही पद्धत.

या गोष्टीत पिकांचा, परकीय चलनाचा आणि नियोजनाचा उल्लेख नेहमी होतो. रोलरचा होत नाही, पण तो व्हायला हवा. पोकलेन दिवसातला बराचसा वेळ उभं राहून काम करतं. नांगर ओढणारा साखळीचा ट्रॅक्टर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतच असतो, आणि तोही धुळीच्या लोटात. जेवढी चाल, तेवढी झीज. परदेशातून यंत्र आणणं हा कामाचा एक भाग. ते भारतीय मातीत चालू ठेवणं हा दुसरा आणि जास्त लांबणारा. त्यासाठी माणसं शिकवावी लागली. भोपाळपासून सुमारे ७० किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी बुधनीला १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आज ते केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था म्हणून ओळखलं जातं आणि देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाचण्यांसाठी त्याचं नाव आहे. भोपाळच्या बैरागढ भागात लष्कराचं ‘३ ईएमई’ केंद्रही आहे. सैन्याची वाहनं दुरुस्त करणारे जवान तिथे घडतात. यंत्र विकत घेणाऱ्यांपेक्षा यंत्र सांभाळणारे घडवण्याची या प्रदेशाची ही परंपरा आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

आता पुन्हा त्या दोन जमिनींकडे. काळी माती यंत्राला घासून मारत नाही, ती त्याला दाबून मारते. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. असा चिखल चेन आणि रोलर यांच्यामध्ये, स्प्रॉकेटच्या दातांत, टॉप रोलरच्या वर ठासून बसतो. दातांत माती भरली की स्प्रॉकेटचा घेर वाढल्यासारखा होतो आणि त्याच लांबीची चेन आता अपुरी पडते. चेन ताणली जाते. कुणी ग्रीस भरून ती ताणलेली नसते, मातीनेच ताणलेली असते. पिन, बुश, आयडलर, रोलर सगळ्यांवर हा ताण दिवसभर राहतो. रात्री ती माती वाळते आणि सकाळी विटेसारखी घट्ट होते. यंत्र सुरू होतं, टॉप रोलर जागचा हलत नाही आणि चेन त्याच्यावरून खरडत निघते. चिखलात चालणाऱ्या यंत्राच्या पॅडला मधोमध भोकं ठेवतात ती याचसाठी, माती बाहेर पडायला वाट हवी म्हणून.

वालुकाश्माचं उलट आहे. तो चिकटत नाही. पण तो मुळात क्वार्ट्झच्या कणांचा बनलेला आहे, आणि क्वार्ट्झ रोलरच्या कठीण केलेल्या पृष्ठभागापेक्षाही बराच कठीण असतो. भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर किंवा भीमबेटकाचे गुहाश्रय पाहताना ज्या दगडाच्या टिकाऊपणाचं कौतुक वाटतं, तोच दगड भुकटी होऊन चेनमध्ये शिरला की पोलादाला कानशीसारखा खातो. मोठे धोंडे वेगळा त्रास देतात. पॅड एका कडेने धोंड्यावर चढतं, सगळा भार तिरपा येतो, रोलरचा ओठ चेनच्या कडेवर दाबला जातो आणि कधी कधी तुटतो. म्हणून खडकात अरुंद पॅड बरे आणि गाळात रुंद. एकच यंत्र दोन्हीकडे वापरणारे मालक रुंद पॅड लावून खडकात जातात आणि मग पॅड वाकले, बोल्ट सुटले, अशी तक्रार करतात.

भोपाळची खरी अडचण अशी, की इथे या दोन्ही जमिनी एकाच कामावर भेटू शकतात. वरचा थर काळ्या मातीचा आणि खाली वालुकाश्म, किंवा टेकडीवरून वाहून आलेली वाळू मातीत मिसळलेली. जुलै ते सप्टेंबरमध्ये ओली काळी माती डिंकाचं काम करते आणि वाळूचे कण तिच्यात चिकटून बसतात. चेन आणि रोलर यांच्यामध्ये अक्षरशः पॉलिशपेपर तयार होतो. कोरडी वाळू निदान गळून तरी पडते. ही जागा सोडत नाही. कोरड्या मऊ मातीत जो रोलर पाच-सहा हजार तास निभावतो, तो अशा ठिकाणी त्याच्या निम्म्यातच हात टेकतो. हजार कोसांवरच्या कारखान्यात छापलेल्या आयुष्याच्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा मालकाने आपल्या कामाची मूठभर माती हातात घेऊन चोळून पाहावी. बोटांना किती चिकटते आणि किती कचकचते, यातून त्याला जास्त कळेल.

भोपाळच्या मोठ्या तलावाचा गाळ ही आणखी तिसरी जात. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव अकराव्या शतकातला. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जातून भोज पाणथळ प्रकल्प झाला, त्यात गाळ काढणं आणि तलाव खोल करणं हे मोठं काम होतं. तलावाचा गाळ फार घासत नाही, पण तो पातळ असतो, सीलच्या फटीपर्यंत सहज पोचतो आणि पाण्याखाली बुडालेल्या रोलरची गळती कुणाला दिसत नाही. गाळातून वर आलेलं यंत्र आधी धुवावं, मग रोलर तपासावेत, हा नियम म्हणूनच.

चेनचा ताण ही या सगळ्या देखभालीची किल्ली. सैल चेन वळताना उतरते. फार घट्ट चेन दिवसरात्र सगळ्यांना झिजवते. साध्या भाषेत, काम चालू असेल त्या चिखलातच ताण बघावा, धुतलेल्या यंत्रावर नाही, आणि चिकट मातीत चेन थोडी सैलच ठेवावी. किती सैल, ते त्या यंत्राच्या पुस्तकात असतं. आयडलरच्या मागे ग्रीसने भरलेला सिलिंडर असतो. ग्रीस गनने ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते; व्हॉल्व्ह सैल करून ग्रीस सोडलं की चेन ढिली. इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. त्या सिलिंडरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त कधीच सैल करू नये आणि त्याच्या समोर तोंड नेऊन तर अजिबात बसू नये. सुटलेला व्हॉल्व्ह गोळीसारखा येतो आणि ग्रीसची धार कातडी भेदून आत शिरते. नव्या पोराला हे शिकवल्याशिवाय त्याच्या हातात पाना देणारा मालक त्याच्या जिवाशी खेळतो.

बाकीच्या सवयी ऑपरेटरच्या हातातल्या. कायम एकाच बाजूला वळणं टाळायचं, उतारावर आडवं चालणं टाळायचं, स्प्रॉकेट मागे ठेवून पुढच्या दिशेने जायचं आणि लांब पल्ल्याला यंत्र चालवत न्यायचंच नाही. रस्त्यावरून दोन-चार किलोमीटर पोकलेन चालवत नेलं तर ट्रेलरचं भाडं वाचल्याचं समाधान मिळतं, पण सलग चालीने रोलरमधलं तेल तापतं, सीलचं रबर कडक होतं. वाचलेलं भाडं पुढे रोलरच्या बिलात जातं.

झिजलेला रोलर फेकायलाच हवा असं नाही. कवचावर वेल्डिंगचा थर चढवून, लेथवर माप आणून त्याला दुसरं आयुष्य देता येतं. चेनच्या बुश अर्धा फेरा फिरवून न झिजलेली बाजू स्प्रॉकेटसमोर आणता येते. पण हे वेळेत करावं लागतं. बुश फुटेपर्यंत थांबलं तर फिरवायला काही उरत नाही. आणखी एक चूक नेहमी होते. चेन जुनी, लांबलेली ठेवून नवा स्प्रॉकेट बसवतात. दात आणि कड्या जुळत नाहीत, आणि नवा स्प्रॉकेट काही महिन्यांत जुन्यासारखा दिसू लागतो. जुनं यंत्र विकत घेणाऱ्याने रंगाला भुलू नये. चेनखाली टॉर्च मारून रोलर मोजावेत. एकाच बाजूचे रोलर एकसारखे झिजले आहेत का, मधेच एखादा वेगळ्या मेकचा नवाकोरा चमकतो आहे का, ओठांवर तिरपी झीज आहे का, हे पाहावं.

२० डिसेंबर २०२५ रोजी भोपाळच्या मेट्रोच्या एम्स ते सुभाषनगर या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. तिच्या पुढच्या भागात भोपाळ रेल्वे स्थानक आणि नादरा बस स्टँड ही दोन स्थानकं भुयारी आहेत. मेट्रोच्या खांबांसाठी खोल भोकं पाडणाऱ्या रिगसुद्धा साखळीवरच उभ्या असतात, आणि वीस टनांचं पोकलेन त्यांच्यासमोर लहान वाटतं. अशा कामांवर संध्याकाळी इंजिन बंद झालं, की ऑपरेटर खाली उतरून चहाला जातो आणि हेल्पर फावडं घेऊन चेनपाशी बसतो. बहुतेक वेळा विशीतला पोरगा, कामावर सगळ्यात कमी पगाराचा. ओली माती वाळायच्या आत काढायची असते, म्हणून तो जेवणाच्या आधी हे करतो. आधी स्प्रॉकेटचे दात, मग टॉप रोलर, मग खालचे, एकेक करून. फावडं पोचत नाही तिथे पहार. ढेकळं पडत जातात, वरून काळी आणि आतून वाळूने खरबरीत.

साफसफाई झाली की जाणता हेल्पर आणखी एक गोष्ट करतो, आणि ती कुठल्याही मीटरवाचून होते. तो प्रत्येक रोलरच्या टोकाजवळ आधी हात नुसता धरून आच बघतो, मग तळवा टेकवतो. दिवसभर चाललेले रोलर कोमट असतात, सगळे सारखे. एखादा हात टेकवू देत नाही. त्याच्यावर तो खडूने फुली मारतो, उठतो आणि चहाच्या टपरीकडे बघून ऑपरेटरला हाक मारतो.